कॉलेजच्या लायब्ररीतली डीव्हीडी सरांना मिळते, विद्यार्थ्याला का नाही? कायदा नेमकं काय सांगतो?

कॉलेजच्या लायब्ररीतून पुस्तक कसं घ्यायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. कार्ड दाखवायचं, नोंद करायची, घरी न्यायचं. पण त्याच लायब्ररीत बहुतेक वेळा आणखी एक कपाट असतं. त्यात पुस्तकांसोबत आलेल्या सीडी असतात, माहितीपटांच्या डीव्हीडी असतात, कधीकाळी घेतलेल्या भाषणांच्या आणि गाण्यांच्या कॅसेट असतात. या सगळ्याला लायब्ररीच्या भाषेत ‘दृकश्राव्य साहित्य’ म्हणतात. या कपाटाला कुलूप असतं आणि नियमही वेगळे असतात.

हे नियम साधारण कसे असतात? प्राध्यापकांना सही करून दोन-चार दिवसांसाठी डिस्क मिळते. विद्यार्थ्यांनी ती लायब्ररीतच बसून बघायची किंवा अजिबात मागायची नाही. काही ठिकाणी प्राध्यापकांनाही ती फक्त तासापुरती मिळते. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘कॉपीराइटचा प्रश्न येतो.’

खरंच येतो का? आणि हा प्रश्न कळंबसारख्या तालुक्याच्या गावात पुण्या-मुंबईपेक्षा जास्त महत्त्वाचा का आहे? एकेक मुद्दा पाहू.

कळंबचा संबंध काय?

धाराशिव जिल्ह्यातलं कळंब हे मांजरा नदीकाठचं तालुक्याचं गाव. इथलं शिक्षण महर्षी ज्ञानदेव मोहेकर महाविद्यालय हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे या विद्यापीठाचे चार जिल्हे. धाराशिवला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, पण मुख्य लायब्ररी संभाजीनगरला, म्हणजे कळंबपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर.

आता समजा, कळंब तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजात मराठीच्या प्राध्यापकांना लोकसाहित्य शिकवताना तुळजाभवानीच्या गोंधळाचं ध्वनिमुद्रण ऐकवायचं आहे. संबळ कसा वाजतो, हे फळ्यावर लिहून सांगता येत नाही. किंवा भूगोलाच्या प्राध्यापकांना ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपावरचा माहितीपट दाखवायचा आहे. हा भूकंप लातूर आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांनी सोसला. समोरच्या बाकावर बसलेल्या मुलांच्या घरात त्याच्या आठवणी असू शकतात. किंवा इतिहासाच्या तासाला मराठवाडा मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती ऐकवायच्या आहेत.

मोठ्या शहरात असं साहित्य एका लायब्ररीत नाही मिळालं तर दुसरीकडे मिळतं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तालुक्याच्या गावात मात्र कॉलेजचं कपाट हा अनेकदा एकमेव पर्याय असतो. म्हणून त्या कपाटाची चावी कुणाला आणि किती दिवसांसाठी मिळते, याला इथे जास्त महत्त्व आहे.

डिस्क घरी देणं बेकायदेशीर आहे का?

नाही. आणि ही गोष्ट भारतीय कायद्यात स्पष्ट लिहिलेली आहे.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांच्या मालकाला काही खास हक्क दिले आहेत. प्रत विकणं किंवा भाड्याने देणं हा त्यापैकी एक. पूर्वी कायद्यात नुसतं ‘भाड्याने देणं’ असे शब्द होते. त्यामुळे लायब्ररीने डिस्क दिली तर ते भाड्याने देणं ठरेल का, अशी शंका घ्यायला जागा होती.

२०१२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. २१ जून २०१२ पासून ती लागू आहे. तिने ‘भाड्याने देणं’च्या जागी ‘व्यावसायिक भाड्याने देणं’ असे शब्द आणले आणि त्यात काय येत नाही, हेही कलम २ मध्ये सांगून टाकलं. नफा न कमावणाऱ्या लायब्ररीने किंवा शिक्षणसंस्थेने, कायदेशीरपणे घेतलेली चित्रपटाची, ध्वनिमुद्रणाची किंवा संगणक प्रोग्रॅमची प्रत नफ्याच्या हेतूशिवाय वापरायला दिली, तर ते व्यावसायिक भाडं धरलं जात नाही.

‘नफा न कमावणारी’ म्हणजे कोण, तेही तिथेच आहे. सरकारकडून अनुदान मिळणारी किंवा आयकर कायद्याखाली करातून सूट असलेली संस्था. म्हणजे अनुदानित कॉलेज यात सरळ बसतं. विनाअनुदानित कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टला करसूट असेल तर तेही बसतं.

यातल्या दोन गोष्टी नीट लक्षात घ्यायला हव्यात.

पहिली, प्रत ‘कायदेशीरपणे घेतलेली’ हवी. कुणीतरी घरच्या कॉम्प्युटरवर जाळून दिलेली सीडी दाखल नोंदवहीत चढवली म्हणून ती कायदेशीर होत नाही.

दुसरी, कायदा प्राध्यापक आणि विद्यार्थी असा फरक करत नाही. डिस्क कुणाला द्यायची, हे कलम सांगतच नाही. म्हणजे ‘सरांना मिळेल, तुला नाही’ हा नियम कॉपीराइटमधून आलेला नाही. तो लायब्ररीने स्वतः केलेला नियम आहे.

मग हा नियम आला कुठून?

त्यामागे व्यवहाराची कारणं आहेत आणि ती अगदीच खोटी नाहीत.

पुस्तकाचं पान फाटलं तर दिसतं. डिस्कवर ओरखडा पडला तर ती प्लेअरमध्ये घालेपर्यंत कळत नाही. परत आलेली प्रत्येक डिस्क पूर्ण चालवून बघायला लायब्ररीत माणूस नसतो. डिस्क खिशात मावते, हरवते. पुस्तकासोबत आलेली सीडी हरवली तर ती सुटी विकत मिळत नाही. आणि ज्या विषयासाठी ती घेतली, तो विषय शिकवणारा प्राध्यापक वर्षातून दोन-तीनदा ती मागणार हे ठरलेलं असतं. त्या वेळी ती जागेवर नसेल तर तासच बुडतो.

म्हणून ग्रंथपालांनी सावध मार्ग निवडला. थोडे दिवस, थोड्या प्रती, आणि शक्यतो प्राध्यापकांनाच. त्यांची नोकरी इथेच असते. निवृत्तीच्या वेळी लायब्ररीचं ‘नो ड्यूज’ लागतं, म्हणून वस्तू कधी ना कधी परत येईल अशी खात्री वाटते.

पण यातच एक मेख आहे. प्राध्यापकांना अनेक ठिकाणी दंड नसतो. त्यामुळे चार दिवसांसाठी नेलेली डिस्क विभागाच्या टेबलाच्या खणात चार वर्षं राहू शकते. कागदावर ती ‘दिलेली’ असते, प्रत्यक्षात ती कुणाच्याच वापरात नसते. म्हणजे कमी मुदतीचा नियम असूनही नुकसान लांब मुदतीचं होतं.

ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये या शास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच असा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात, नुसती जपून ठेवण्यासाठी नाहीत. डिस्कला तो नियम लागू नाही, असं कुणी म्हणणार नाही. पण कपाटाला कुलूप लावून तेच घडतं.

वर्गात दाखवणं चालतं का? डिस्कवर तर ‘फक्त घरगुती वापरासाठी’ लिहिलेलं असतं

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. डिस्क देणं ही एक गोष्ट आणि ती लोकांसमोर दाखवणं ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीसाठी कायद्यात वेगळं कलम आहे.

कलम ५२ मध्ये कॉपीराइटचा भंग न ठरणाऱ्या कृत्यांची यादी आहे. त्यातलं एक उपकलम असं की शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण दाखवलं-ऐकवलं, आणि प्रेक्षक फक्त संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे आईवडील-पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असले, तर तो भंग होत नाही.

म्हणजे बी.ए.च्या वर्गात माहितीपट दाखवला, चालतं. पालक मेळाव्यात दाखवला, तेही चालतं. पण तीच डिस्क बाजार मैदानावर पडदा लावून सगळ्या गावाला दाखवली, तर मात्र या सवलतीचं छत्र उरत नाही. तिथे परवानगी लागेल.

कॉपी काढून ठेवली तर?

खरी अडचण इथे आहे.

डिस्क कायमची टिकत नाही. मराठवाड्यातला उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो, पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर बुरशी येते. त्याहून मोठी अडचण यंत्रांची. व्हीएचएस कॅसेटचे प्लेअर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते. कपाटातली वस्तू चांगली असली तरी ती चालवायची कशावर?

मग लायब्ररीने आपल्याकडच्या डिस्कची फाइल करून सर्व्हरवर ठेवावी का? कलम ५२ मध्ये जपणुकीसाठी एक सवलत आहे. अव्यावसायिक सार्वजनिक लायब्ररीला, तिच्याकडे एखाद्या कृतीची ‘डिजिटल नसलेली’ प्रत असेल तर, जपणुकीसाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते.

शब्द बारकाईने वाचले तर दोन अडथळे दिसतात. एक, कॉलेजची लायब्ररी ‘सार्वजनिक’ धरायची का, यावर वाद होऊ शकतो. दोन, ऑडिओ कॅसेट किंवा व्हीएचएस डिजिटल नाही, त्यामुळे ती सवलतीत बसू शकते. पण सीडी आणि डीव्हीडी मुळातच डिजिटल आहेत! म्हणजे ज्या वस्तू आज कपाटात सर्वात जास्त आहेत, त्यांनाच ही सवलत शब्दशः लागू होत नाही.

दुसरा रस्ता शिकवण्याचा. कलम ५२ नुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत काढली तर तो भंग नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी खटला भरला होता, तो याच कलमावर गाजला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ‘शिकवण्याचा ओघ’ फक्त तासापुरता मर्यादित मानायला नकार दिला. शिकवण्याआधीची तयारी आणि नंतरचा अभ्यासही त्यात येतो, असा अर्थ लावला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

पण तो खटला पुस्तकांच्या पानांचा होता, चित्रपटांचा नाही. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आणलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने डिस्कचं संरक्षक कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी असं करायला त्याच कलमात मोकळीक आहे. तरीही एखादा ग्रंथपाल आपल्या जबाबदारीवर एवढी जोखीम घेईल, ही शक्यता कमीच.

जुन्या चित्रपटांचा प्रश्न मात्र सोपा आहे. चित्रपटावरचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो. १९३६ च्या ‘संत तुकाराम’सारख्या चित्रपटांवरच्या या हक्काची मुदत केव्हाच संपली आहे. फक्त कथा, गीतं आणि संगीत यांचे हक्क वेगळे मोजले जातात, हे ध्यानात ठेवावं लागतं.

डिस्क हरवली तर भरपाई कुणी द्यायची?

बहुतेक लायब्ऱ्यांमध्ये नियम असा की ज्याच्या नावावर नोंद, त्याने नवी प्रत आणून द्यायची किंवा किंमत भरायची. पुस्तकाला हे जमतं. डिस्कला अडचण येते, कारण ती बाजारात मिळणं बंद झालेलं असतं. मग किंमत कोणती धरायची? दहा वर्षांपूर्वीची? की दुप्पट?

इथे केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांकडे बघता येईल. २०१७ च्या या नियमांत लायब्ररीच्या साठा पडताळणीचा स्वतंत्र नियम आहे. वर्षभरात दिलेल्या आणि वाचलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं हे वाजवी मानलं आहे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. एक हजार रुपयांपेक्षा महाग किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी करायचीच.

हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, कळंबच्या कॉलेजला ते थेट लागू होत नाहीत. पण त्यामागचा विचार उपयोगाचा आहे. वापर होणार म्हणजे थोडी झीज आणि थोडं नुकसान होणारच. ते ग्रंथपालाच्या पगारातून कापायची भीती असेल तर ग्रंथपाल कुलूप लावणार, हे उघड आहे. कपाट उघडायचं असेल तर आधी त्या माणसाची भीती कमी करायला हवी.

आता सगळं यूट्यूब आणि ओटीटीवर आहे, मग डिस्कची चिंता कशाला?

हा सर्वात मोठा प्रश्न, आणि उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही.

मोफत आणि अधिकृत साहित्य नक्कीच वाढलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ १५ ऑगस्ट १९८४ ला दूरदर्शनवर सुरू झाला, तेव्हा दिवसातल्या ठरावीक वेळीच तो बघता यायचा. आज ‘स्वयम्’, ‘स्वयंप्रभा’च्या वाहिन्या, ‘एनपीटेल’ची व्याख्यानं कधीही बघता येतात. ही मोठी सोय आहे.

पण नाटकाचं चित्रीकरण, चांगला माहितीपट, चित्रपट हवा असेल तर गाडी ओटीटीकडे जाते. तिथे कॉलेजला काही विकत मिळत नाही, फक्त बघण्याचा परवाना मिळतो, आणि तोही सहसा एका व्यक्तीच्या खासगी वापरापुरता. प्राध्यापकाने स्वतःच्या खात्यावरून वर्गात चित्रपट लावला तर तो कंपनीशी केलेल्या करारातल्या अटींचा प्रश्न बनतो. नेटफ्लिक्स आपल्या निवडक माहितीपटांना शैक्षणिक प्रदर्शनाची मुभा देते, पण ती मुभा कंपनीच्या मर्जीवर आहे.

म्हणजे काय झालं बघा. २०१२ मध्ये संसदेने लायब्ररीला ‘विकत घेतलेली प्रत द्या, हरकत नाही’ असं सांगितलं. पण बाजारात विकत घ्यायला प्रतच उरली नाही, तर त्या हक्काचं करायचं काय? हक्क कायद्यात राहतो आणि हातातून निसटतो.

अमेरिकेत हे आधी घडलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने आपल्याकडच्या डीव्हीडी विद्यार्थ्यांना ऑनलाइन बघायला दिल्या, तेव्हा २०१० मध्ये तिच्यावर खटला झाला. तो फेटाळला गेला, पण त्यात सरकारी विद्यापीठाला मिळणारं कायदेशीर संरक्षण आणि वादीचा अधिकार असे मुद्दे होते. त्यामुळे सगळ्यांना लागू होईल असं स्वच्छ उत्तर मिळालं नाही. पुढे अनेक लायब्ऱ्यांनी ‘कॅनोपी’ नावाची चित्रपट सेवा घेतली. तिथे वाचकांनी जितका वापर केला तितके पैसे लायब्ररीला मोजावे लागायचे. २०१९ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने खर्च परवडत नाही म्हणून ती बंद केली. सेवा लोकांना आवडली, म्हणूनच ती महाग पडली. जगातल्या श्रीमंत लायब्ररीची ही गत, तर तालुक्याच्या कॉलेजने कुठे जायचं?

मग चांगला नियम कसा असावा?

यासाठी नवा कायदा लागत नाही. कॉलेजच्या ग्रंथालय समितीला आहे त्या चौकटीत बरंच करता येतं.

• मुदत कामानुसार ठरवावी. तासासाठी हवी असेल तर दोन दिवस, अभ्यासक्रमाची तयारी असेल तर दोन आठवडे, आणि दुसऱ्याने मागितली तर परत बोलावण्याचा अधिकार लायब्ररीकडे.

• कोणत्या आठवड्यात कोणती डिस्क लागणार, हे प्राध्यापकांनी सत्राच्या सुरुवातीलाच कळवावं. उरलेल्या दिवसांत ती विद्यार्थ्यांना द्यावी.

• विभागाच्या नावावर बेमुदत नोंद नको. वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क परत आणून, चालवून बघून पुन्हा द्यावी.

• दंडापेक्षा सोपा उपाय म्हणजे जुनी वस्तू परत आल्याशिवाय नवी नाही. हा नियम प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघांना सारखाच.

• डिस्कसोबत चालवायचं यंत्रही द्यावं. यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह फारसा महाग नसतो. तो दाखल करून देवघेवीत ठेवला तर निम्मा प्रश्न सुटतो.

• कॅसेट आणि व्हीएचएस यांची यादी आधी करावी. सर्वात लवकर खराब होणारं साहित्य तेच आहे आणि जपणुकीच्या सवलतीत बसण्याची शक्यताही त्यालाच जास्त.

• कॉलेजने स्वतः केलेली ध्वनिमुद्रणं, म्हणजे व्याख्यानं, गावातल्या जुन्या माणसांच्या मुलाखती, गोंधळी-आराध्यांची गाणी, यांसाठी बोलणाऱ्याची आणि गाणाऱ्याची लेखी परवानगी आधीच घ्यावी. मग देवघेवीचे नियम कॉलेजच्या हातात राहतात.

शेवटचा मुद्दा धाराशिव जिल्ह्यासाठी विशेष महत्त्वाचा. भूकंप पाहिलेली, मुक्तिसंग्राम ऐकून मोठी झालेली पिढी म्हातारी होत चालली आहे. त्यांचं बोलणं कोणत्याही ओटीटीवर मिळणार नाही.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही विद्यार्थी असाल तर लायब्ररीत जाऊन दृकश्राव्य साहित्याचे देवघेवीचे लेखी नियम मागा. अनेकदा असा लेखी नियम नसतोच, नुसती पद्धत असते. प्राध्यापक असाल तर टेबलाचा खण एकदा उघडून बघा. आणि ग्रंथालय समितीवर असाल तर पुढच्या बैठकीत एवढाच विषय ठेवा की कपाटात काय आहे, त्यातलं काय चालतं आणि गेल्या वर्षी ते किती जणांनी नेलं. ‘कॉपीराइटमुळे देता येत नाही’ हे उत्तर आलं, तर २०१२ ची दुरुस्ती दाखवा.